मिरजेत पित्ताशयाचं ऑपरेशन आणि भूल देणाऱ्या डॉक्टर : माझा अनुभव

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये, कारण शेवटी एकदोन तक्रारी पण लिहिणार आहे आणि मला कोणाचं नाव खराब करायचं नाही. मिरजेतल्यांना माहितीच आहे की इथे एका गल्लीत चार दवाखाने असतात. फेब्रुवारीत माझं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, खडे होते, दोन वर्षं चालढकल केली आणि शेवटी एका लग्नाच्या जेवणानंतर रात्रभर कळा आल्या तेव्हा ठरवलं. सर्जन चांगले आहेत, त्यांच्याबद्दल लोक भरपूर लिहितात. रूमबद्दल, कँटीनच्या उप्पीटाबद्दल, पार्किंगबद्दल पण लिहितात. भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल दोन ओळी लिहिलेल्या मला कुठे सापडल्या नाहीत. कारण उघड आहे, त्यांचं काम चालू असतं तेव्हा आपण तिथे नसतो. आता खरंच नसतो का, हाच माझा प्रश्न होता, आणि ह्या डॉक्टर बाईंनी तो नीट ऐकून घेतला म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न कुठून आला ते आधी सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. चेतासंस्था शिकवताना दरवर्षी फळ्यावर तेच चित्र काढते, बोटाला टाचणी टोचली, तिथल्या चेतातंतूतून संदेश मेरुरज्जूत गेला, तिथून थॅलॅमसमधे, तिथून मेंदूच्या वरच्या थरात. तीन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम संदेश पोचला हे कळलं, पण दुखलं कधी? मी म्हणलं वरच्या थरात पोचला की दुखतं. तो म्हणाला तिथे पण पेशीच आहेत ना, मग त्या पेशीला दुखलं का मला? मला उत्तर देता आलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं पण. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की डेव्हिड चाल्मर्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९९५ मधे ह्यालाच चेतनेचा कठीण प्रश्न म्हणलंय. मेंदू माहिती कशी गोळा करतो, लक्ष कसं देतो, हात कसा मागे घेतो हे सगळे त्यांच्या मते सोपे प्रश्न, म्हणजे अवघडच पण उत्तराचा रस्ता दिसतो असे. पण हे सगळं होताना आतून काहीतरी जाणवतं, दुखणं दुखल्यासारखं लागतं, ते का? हा प्रश्न डोक्यात असताना मला कोणीतरी येऊन सांगणार की आम्ही तुमची जाणीव दोन तास बंद करतो आणि परत चालू करतो, मग मी विचारणारच की.

तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देण्याआधीची तपासणी असते, सगळे तिला पीएसी म्हणतात. एवढ्याशा खोलीत ह्या डॉक्टर बसलेल्या, पन्नाशीच्या असतील. दमा आहे का, बीपीची गोळी कुठली, दात हलतात का, तोंड उघडा, मान मागे करा, किती जिने चढलं की दम लागतो, ह्याआधी भूल घेतलीय का. रात्री बारानंतर खायचं नाही, पाणी सकाळी कितीपर्यंत ते स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलं. नेलपेंट काढून या म्हणाल्या कारण बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात त्याला नख साफ लागतं. हे सगळं झाल्यावर म्हणाल्या, ताई काही विचारायचंय? बाहेर सात आठ पेशंट होते. मी तरी विचारलं. म्हणलं डॉक्टर, मला दुखणारच नाही, की दुखेल पण नंतर आठवणार नाही?

त्यांनी पेन खाली ठेवला. हसल्या नाहीत, घाबरू नका वगैरे पण म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीची औषधं पण वेगळी आहेत. मिडाझोलाम म्हणून एक इंजेक्शन आहे, ते दिल्यावर तुम्ही माझ्याशी बोलाल, मी हात वर करा म्हणलं तर कराल, आणि उद्या तुम्हाला त्यातलं काहीही आठवणार नाही. तेव्हा तुम्ही बेशुद्ध नसता, फक्त नोंद होत नाही. प्रोपोफॉलने शुद्ध जाते. दुखू नये म्हणून तिसरं औषध. आणि स्नायू सैल करायला चौथं, कारण पोट कडक राहिलं तर सर्जनला काम करता येत नाही, त्या औषधाने तुमचं बोट पण हलत नाही आणि श्वास मशीन देतं.

मग मला लगेच पुढचा प्रश्न सुचला आणि तो कोणालाही सुचेल, मधेच जाग आली आणि हलता आलं नाही तर सांगू कसं? म्हणाल्या, म्हणून मी तिथे बसलेली असते. नाडी, बीपी, घाम, डोळ्यात पाणी येतंय का, तुमच्या सोडलेल्या श्वासात गॅस किती टक्के आहे, आणि कपाळावर एक पट्टी लावणार आहे ती मेंदूच्या लहरींवरून आकडा देते. आकड्यावर एकट्यावर मी विसंबत नाही, असंही म्हणाल्या. दहा मिनिटं दिली असतील त्यांनी. मला तरी आजवर कुठल्या डॉक्टरने माझ्या प्रश्नाचे असे दोन तुकडे करून दाखवले नव्हते.

इथे मला आपल्या शब्दाबद्दल लिहायचंच आहे. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमधे मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने सगळ्यांसमोर पेशंटला ईथर हुंगवलं आणि सर्जनने ऑपरेशन करून दाखवलं, आणि त्याच वर्षी त्या प्रकाराला अ‍ॅनेस्थेशिया हे नाव मिळालं, ग्रीकमधून घेतलेलं, अर्थ संवेदना नसणं. आपण मराठीत त्याला भूल म्हणलं. भूल म्हणजे विसर. भूल पडली म्हणजे वाट विसरली. म्हणजे त्यांच्या शब्दात जाणीव गेली आणि आपल्या शब्दात आठवण गेली, आणि खरं काय होतं हा वाद आजही भूलशास्त्रात जिवंत आहे, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. आणि आपल्याकडे जाणिवेला शब्द आहे शुद्ध. शुद्ध हरपली, शुद्धीवर आली. मला फार सुंदर वाटतो हा शब्द.

वाद का जिवंत आहे तर एक साधी युक्ती आहे, १९७७ मधे टन्स्टॉल नावाच्या डॉक्टरने वापरलेली. स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही आणि तेवढा हात मोकळा राहतो. मग बेशुद्ध पेशंटला नावाने हाक मारून सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. आणि काही पेशंट दाबतात! २०१७ मधे बऱ्याच हॉस्पिटलांत मिळून २६० पेशंटवर हे करून बघितलं तर घशात नळी घातल्यानंतर १२ जणांनी सांगितल्यावर हात दाबला. अशा पेशंटना नंतर विचारलं तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. आता बोला. तो हात दाबणारा कोण होता? त्या वेळी जर त्याला दुखत असेल आणि संध्याकाळी तो मस्त चहा पीत म्हणत असेल की मला काही कळलं नाही, तर दुखलं का नाही दुखलं?

माझं मत मी स्पष्ट सांगते, दुखलं. आठवलं नाही म्हणून झालंच नाही असं मी मानणार नाही, आणि ह्याला कारण बाळं आहेत. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांत नवजात बाळांची ऑपरेशनं अगदी नावापुरती भूल देऊन, नुसते स्नायू सैल करून व्हायची, समजूत अशी की त्यांचा मेंदू कच्चा आहे, त्यांना दुखत नाही आणि दुखलं तरी लक्षात कुठे राहतंय. आपल्याकडे डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद ह्यांनी १९८७ मधे दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हृदयाजवळच्या ऑपरेशनला फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरातली ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि बाळं नंतर जास्त बरी राहतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा धाकटा सातव्या महिन्यात झालेला, त्याला काचेच्या पेटीत नळ्या लावलेला बघितलाय मी. आठवणीवरून वेदना मोजायची म्हणलं तर त्या बाळांचं काय झालं ह्याला काही अर्थच राहत नाही.

आणि कपाळावरच्या पट्टीचं. ती ० ते १०० आकडा देते, जागं माणूस नव्वदच्या वर, ऑपरेशनला ४० ते ६० मधे ठेवतात. मी आधी समजले होते की हा जाणिवेचा थर्मामीटर आहे. पण २०१५ मधे ऑस्ट्रेलियात १० जणांनी स्वतःवर प्रयोग करून घेतला, झोपेचं औषध अजिबात नाही, फक्त स्नायू सैल करायचं. दहाही जण टक्क जागे, सगळं ऐकू येतंय, आणि मशीनवरचा आकडा खाली घसरला, बेशुद्ध माणसाचा असतो तिथपर्यंत. म्हणजे मशीन कपाळाच्या स्नायूंची थरथर पण मोजत होतं आणि ती थांबली की त्याला वाटलं माणूस झोपला. आता कळलं डॉक्टर बाई आकड्यावर एकट्यावर का विसंबत नव्हत्या. ह्याहून चांगलं मोजमाप शोधताहेत लोक, मिलानच्या मासिमिनींच्या गटाने डोक्याबाहेरून चुंबकाचा ठोका देऊन मेंदूत त्याचा पडसाद किती गुंतागुंतीचा उठतो ते मोजलं, तो पडसाद आपण फाईल झिप करतो तसा दाबून बघायचा, फारसा दबला नाही म्हणजे गुंतागुंत जास्त. प्रोपोफॉलमधे पडसाद साधा, जवळच्या जवळ विरतो. केटामाइन म्हणून भुलीचं दुसरं औषध आहे, त्यात मात्र जाग्या माणसासारखा भरगच्च, आणि केटामाइन घेतलेले लोक बाहेरून निपचित दिसले तरी आत जोरदार स्वप्नं बघत असतात. आमच्या शेजारच्या काकूंना फार वर्षांपूर्वी तीच भूल दिली होती, त्या अजून सांगतात की मी छताला टेकले होते आणि खाली माझंच शरीर दिसत होतं. म्हणजे हे मोजमाप काकूंच्या बाजूने साक्ष देतंय, मला ते फार आवडलं. तरी मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न सुटत नाहीच, पडसाद गुंतागुंतीचा असला की आतून काही जाणवावं असं का? ते मशीन सांगत नाही.

ऑपरेशनचा दिवस. सकाळी सातला हिरवा गाऊन, वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचरवरून नेलं, वरचे ट्यूबलाइट एकेक करून मागे जाताना बघत होते. ओटी प्रचंड थंड. डॉक्टर आधीच तिथे होत्या आणि त्यांनी मास्क खाली करून चेहरा दाखवला, मी आहे ताई, काल बोललो ते लक्षात आहे माझ्या. ही एवढी गोष्ट, पण मला धीर आला. मला मिडाझोलाम द्यायचं का हे पण त्यांनी विचारलं होतं, मी नको म्हणलं होतं, त्यांनी ते मानलं. सलाईनच्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध चढवलं (प्रोपोफॉल सोयाबीन तेलात घोटलेलं असतं म्हणून तसं दिसतं), हाताच्या शिरेत आग आग झाली, मी म्हणलं जळजळतंय, त्या म्हणाल्या हो जळजळतं, आत्ता थांबेल. दिव्याची एक चकती तेवढी लक्षात आहे.

आणि लगेच, म्हणजे अक्षरशः पुढच्या क्षणाला, डोळे उघडा ताई, झालं ऑपरेशन. मधे काही नाही. काळोख नाही, शांतता नाही. झोपेतून उठलो की किती वेळ गेला ह्याचा अंदाज असतो, कूस बदललेली कळते. इथे दीड तास असा कापून काढलाय की दोन्ही टोकं एकमेकाला चिकटली आहेत. मी कधीही अनुभवलेल्या कशाशीच त्याची तुलना होत नाही, आणि अनुभवलं असं तरी कसं म्हणू.

दुपारी आमचे अण्णा आले, माझे वडील, संस्कृत शिकवायचे. त्यांनी विचारलं, झोप लागली का बरी? मी म्हणलं अण्णा ती झोप नव्हतीच. तर खुर्ची ओढून बसले आणि सुरू. म्हणाले अद्वैतवाले सांगतात, गाढ झोपेतून उठल्यावर माणूस म्हणतो सुखमहमस्वाप्सं, न किञ्चिदवेदिषम्, सुखाने झोपलो होतो, काही कळलं नाही. काही कळलं नाही ही आठवण आहे, आणि आठवण असेल तर तिथे कोणीतरी साक्षी जागा होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात कसली आठवण, उठल्यावर अंग हलकं वाटतं त्यावरून केलेलं अनुमान आहे ते, गाढ झोपेत ज्ञानच नसतं. मग मला म्हणाले, तू सांग, तू कोणत्या बाजूची? घशात नळीमुळे खरखर होत होती, बोलवत नव्हतं, पण मी सांगितलं की अण्णा, मला सुखाने झोपले असं म्हणताच येत नाहीये. सुख पण नाही आणि काही कळलं नाही ह्याचीही आठवण नाही, घड्याळ बघून मला मानावं लागतंय की दीड तास गेला. अण्णा बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, नैयायिक खूश होतील. आणि थोड्या वेळाने, पण साक्षीची नोंदच पुसली असेल तर तुला कळणार कसं? शंभर वर्षांपूर्वीचं असो की हजार, त्यांच्या वादातला प्रश्न आणि आदल्या दिवशी मी त्या खोलीत विचारलेला प्रश्न एकच होता, मला तेव्हा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी एक वेगळीच गंमत अनुभवली, ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय त्यांनी वाचून ठेवा. उजवा खांदा भयंकर दुखायला लागला. पोटाला चार भोकं, आणि दुखतोय खांदा, जिथे कोणी हातही लावला नव्हता. सिस्टर म्हणाल्या गॅसमुळे. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, राहिलेला गॅस पडद्याला, म्हणजे डायफ्रामला त्रास देतो, आणि त्या पडद्याची चेता मानेतून निघते, खांद्याच्या चेता पण तिथूनच, मग मेंदूचा पत्ता चुकतो. चालत राहिलं की कमी होतं, दोन दिवसात गेलं माझं. पण मला सांगा, खांद्याला काहीही झालेलं नसताना तिथे होणारं ते दुखणं खोटं होतं का? अजिबात नाही, मी कळवळले होते. दुखण्याची जागा चुकू शकते, दुखतंय हे चुकू शकत नाही. ह्या वर्षी फळ्यावर चित्र काढीन तेव्हा हे सांगणार आहे त्या पोरांना.

तक्रारी. संमतीपत्र सगळं इंग्रजीत होतं आणि शेजारच्या बेडवरच्या आजींचा अंगठा कोणी वाचून न दाखवता घेतला, हे मला अजिबात पटलं नाही, ज्या कागदावर माणूस स्वतःची शुद्ध दुसऱ्याच्या हातात देतो तो त्याला कळणाऱ्या भाषेत पाहिजे. रिकव्हरी रूममधे दोघंजण मोठमोठ्याने सुट्ट्यांवरून भांडत होते, नुकत्या शुद्धीवर येणाऱ्या माणसाला पहिला आवाज तो नको. आणि डिस्चार्जला इन्शुरन्सच्या कागदांसाठी साडेपाच तास बसवलं. भूलतज्ज्ञांची फी बिलात वेगळी लावतात ते आधी सांगितलं नव्हतं, माझी साडेसहा हजार झाली, मला ती अजिबात जास्त वाटली नाही पण आधी सांगायला हवं. हॉस्पिटलला पाचपैकी तीन. भूल विभागाला पाचपैकी पाच.

पाच कशासाठी तर ऑपरेशनच्या संध्याकाळी डॉक्टर परत आल्या, राऊंड नव्हता त्यांचा. चार प्रश्न विचारले, जगभर हेच विचारतात म्हणे १९७० पासून. झोपायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? उठल्यावरचं पहिलं काय? मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? हे असं विचारणं किती महत्त्वाचं आहे बघा, ब्रिटन आणि आयर्लंडमधे पेशंटनी आपणहून सांगितलेल्या तक्रारी मोजल्या तेव्हा २०१४ च्या अहवालात साधारण १९ हजारात एकाला मधे जाग आल्याचं निघालं, आणि जिथे असं नीट बसून विचारतात तिथे हजारात एक दोन निघतात. लोक सांगत नाहीत, त्यांना वाटतं भास झाला असेल. मी तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणलं. त्या लिहायला लागल्या, मी वाकून बघितलं, इंग्रजीत लिहिलं होतं आठवण नाही. मी म्हणलं डॉक्टर, जाणीव नव्हती असं नाही लिहिलंत? म्हणाल्या, ते मला माहीत नाही ना ताई, तुम्ही मला जेवढं सांगू शकता तेवढंच मी लिहिणार.

मे महिन्यात आमच्या वहिनींचं हर्नियाचं आहे. सर्जन दुसरे आहेत, पण ह्या डॉक्टर कुठल्या वारी असतात ते फोन करून विचारलं आणि तीच तारीख घेतली.